प्रकाशीय प्रज्वलन वितरक : रचना, दोषनिदान व प्रतिस्थापन
(विशेष संदर्भ : जनरल मोटर्सचे एलटी-१ इंजिन)

सारांश

पेट्रोल इंजिनातील प्रत्येक सिलिंडरला योग्य क्षणी ठिणगी पुरविण्याचे कार्य अनेक दशके वितरकाने म्हणजेच डिस्ट्रिब्युटरने केले. १९८० व १९९० च्या दशकांत काही मोटारगाड्यांत या वितरकामध्ये प्रकाशाच्या साहाय्याने काम करणारा संवेदक बसविण्यात आला. त्यामुळे ठिणगीची वेळ अत्यंत अचूकपणे ठरविता येऊ लागली. परंतु नाजूक संवेदक आणि उच्च दाबाची वीज एकाच पेटीत आल्याने बिघाडांचे स्वरूप गुंतागुंतीचे झाले. प्रस्तुत लेखात या वितरकाची रचना, त्याच्या बिघाडाची कारणे, निदानाचा क्रम आणि तो बदलण्याची रीत यांचे विवेचन केले आहे. बिघडलेला सुटा भाग बदलण्यापूर्वी तो कशामुळे बिघडला हे शोधणे अपरिहार्य आहे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंज्ञा : प्रज्वलन, वितरक, प्रकाशीय संवेदक, ऑप्टिस्पार्क, दोषनिदान.

१. प्रस्तावना

जुनी मोटारगाडी रस्त्यात अचानक बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी पावसात पुन्हा 'मिसिंग' करू लागते. अशा वेळी गॅरेजमध्ये बहुधा एखाद्या भागावर संशय घेतला जातो, तो भाग बदलला जातो आणि काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवते. यात मालकाचा पैसा तर वाया जातोच; शिवाय धावत्या गाडीचे इंजिन बंद पडल्यास पॉवर स्टिअरिंगचे साहाय्य तत्काळ नाहीसे होते व ब्रेकला मिळणारे साहाय्यही थोड्याच वेळात संपते. त्यामुळे हा प्रश्न केवळ गैरसोयीचा न राहता सुरक्षिततेचा ठरतो.

प्रकाशीय वितरक हे या दृष्टीने एक उद्बोधक उदाहरण आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९२ च्या मॉडेल वर्षापासून आपल्या ५.७ लिटर क्षमतेच्या एलटी-१ या आठ सिलिंडरच्या इंजिनावर 'ऑप्टिस्पार्क' नावाची प्रणाली बसविली. शेव्हरोले कॉर्व्हेट, कॅमेरो, कॅप्रिस, इम्पाला एसएस आणि पाँटिअॅक फायरबर्ड या गाड्यांत ती वापरली गेली. या गाड्या आज तीन दशके जुन्या झाल्या असल्या तरी हौशी मालकांकडे त्या अद्याप चालू स्थितीत आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीत ऑप्टिस्पार्कचा विषय वारंवार निघतो. म्हणूनच येथे या प्रणालीला केंद्रस्थानी ठेवले आहे.

२. वितरकाची वाटचाल

अमेरिकेतील ओहायो राज्यातील डेटन येथे चार्ल्स केटरिंग व एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. तिच्या आद्याक्षरांपासून 'डेल्को' हे नाव तयार झाले. पुढे ही कंपनी जनरल मोटर्सच्या छत्राखाली आली. भारतातील अनेक गॅरेजांत वितरकाला आजही 'डेल्को' म्हणूनच ओळखले जाते, त्याचे मूळ येथे आहे.

केटरिंग यांनी रूढ केलेल्या पद्धतीत बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो आणि संपर्कबिंदू उघडताच तो खंडित होऊन कॉइलमध्ये उच्च दाब निर्माण होतो. हा दाब वितरकातील फिरणाऱ्या रोटरमार्फत एकेका स्पार्क प्लगकडे पोहोचतो. अॅम्बॅसॅडर व प्रीमिअर पद्मिनी या भारतीय रस्त्यांवरील परिचित गाड्यांतही हीच रचना होती. संपर्कबिंदू झिजतात, जळतात, त्यांच्यातील अंतर बदलते आणि त्याबरोबर ठिणगीची वेळही सरकते. हा दोष टाळण्यासाठी पुढे चुंबकीय, 'हॉल परिणामा'वर आधारित आणि प्रकाशीय असे तीन प्रकारचे संवेदक उपयोगात आले. या तिन्हींत परस्परांना घासणारे संपर्कबिंदू नसतात. जपानमध्ये निसानने १९८० च्या दशकात आपल्या अनेक इंजिनांत प्रकाशीय संवेदक वितरकातच बसविला. क्रायस्लरने वापरलेल्या मित्सुबिशीच्या तीन लिटर क्षमतेच्या सहा सिलिंडर इंजिनातही असाच वितरक होता. ऑप्टिस्पार्कमधील प्रकाशीय संवेदकही मित्सुबिशीनेच पुरविला होता.

३. रचना व कार्यतत्त्व

प्रकाशीय संवेदकाचे तत्त्व साधे आहे. एका बाजूला प्रकाश देणारा डायोड म्हणजे एलईडी, समोर प्रकाश ग्रहण करणारा फोटोडायोड आणि या दोहोंमधून फिरणारी खाचा पाडलेली पातळ धातूची चकती. खाच समोर आली की प्रकाश पलीकडे पोहोचतो. खाचांमधील भरीव भाग आला की तो अडतो. अशा रीतीने प्रकाशाच्या उघडझापीचे विजेच्या चौकोनी स्पंदांत रूपांतर होते. जुन्या संगणकांच्या चेंडू असलेल्या माउसमध्ये हीच युक्ती वापरलेली होती.

एलटी-१ इंजिनातील चकतीवर खाचांच्या दोन ओळी आहेत. एका ओळीत ३६० बारीक खाचा आहेत, तर दुसरीत ८ मोठ्या खाचा. चकती कॅमशाफ्टबरोबर फिरते. कॅमशाफ्टचा एक फेरा म्हणजे क्रँकशाफ्टचे दोन फेरे, अर्थात ७२० अंश. प्रत्येक खाचेला सुरुवातीची व शेवटची अशा दोन कडा असल्याने ३६० खाचांपासून ७२० बदल मिळतात. म्हणजेच क्रँकशाफ्टच्या प्रत्येक अंशामागे एक संकेत प्राप्त होतो. याला सूक्ष्म संकेत म्हणता येईल. आठ मोठ्या खाचांपासून मिळणारा स्थूल संकेत प्रत्येक सिलिंडरचे स्थान दर्शवितो. त्यांपैकी काही खाचांची रुंदी मुद्दाम भिन्न ठेवलेली असल्याने कोणता सिलिंडर समोर आहे हे नियंत्रक संगणकाला ओळखता येते.

या अचूकतेचे महत्त्व आकड्यांवरून स्पष्ट होते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट सेकंदाला १०० फेरे, म्हणजे ३६,००० अंश फिरतो. एका अंशासाठी लागणारा वेळ सुमारे २८ मायक्रोसेकंद इतका अल्प असतो. आठ सिलिंडरना मिळून दर सेकंदाला ४०० ठिणग्या द्याव्या लागतात. ठिणगीची वेळ एकेका अंशाने पुढेमागे करता आली तर इंधनाचा कार्यक्षम वापर होतो आणि सिलिंडरमधील अकाली स्फोटाचा धोकाही टळतो.

वितरक इंजिनाच्या पुढील भागी ठेवण्यामागेही अचूकतेचाच विचार होता. पारंपरिक वितरक तिरप्या दातांच्या गियरवर चालतो आणि त्या दातांमधील मोकळीक वेळेच्या मापनात चूक निर्माण करते. ऑप्टिस्पार्क थेट कॅमशाफ्टच्या टोकाला जोडल्याने ही चूक टळली. मात्र याच निर्णयामुळे तो वॉटर पंपाच्या अगदी खाली आला.

विजेचा प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. संवेदकाचे संकेत प्रथम संगणकाकडे जातात. संगणक ठिणगीची वेळ ठरवून प्रज्वलन मॉड्युलला आज्ञा देतो. मॉड्युल कॉइलमधील प्रवाह तोडतो. आणि कॉइलमध्ये निर्माण झालेला उच्च दाब पुन्हा त्याच वितरकाच्या रोटरकडे परततो. तात्पर्य, एकाच पेटीत पाच व्होल्टच्या आसपासचा नाजूक संकेत आणि हजारो व्होल्टचा दाब शेजारी शेजारी नांदतात. त्यांच्यामध्ये केवळ एक आवरण असते.

४. बिघाडाची कारणे

ऑप्टिस्पार्कच्या बिघाडांची कारणे पुढील चार गटांत विभागता येतात.

(अ) बाहेरून येणारा द्रव. वॉटर पंपाचे सील झिजले की त्यातील शीतक द्रव पंपाच्या पाझर-छिद्रातून बाहेर पडतो. हे छिद्र गळतीची सूचना मिळावी म्हणूनच ठेवलेले असते. परंतु येथे ही सूचना नेमकी खाली असलेल्या वितरकावर ठिबकते. टायमिंग कव्हरमधील सील खराब झाल्यास इंजिनाचे तेल वितरकाच्या बाजूने झिरपते. तेलाचा किंवा धुळीचा थर चकतीवर बसला की प्रथम बारीक खाचा बुजतात. म्हणून सूक्ष्म संकेत बहुधा आधी बिघडतो.

(आ) आतून निर्माण होणारी रासायनिक क्षरणक्रिया. रोटर व कॅपमधील अग्रांदरम्यान सतत ठिणग्या उडत असतात. त्यामुळे पेटीतील हवेपासून ओझोन व नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. आर्द्रतेशी संयोग होताच नायट्रिक आम्ल निर्माण होऊन धातूच्या अग्रांचे क्षरण होते. सुरुवातीच्या ऑप्टिस्पार्कमध्ये हे वायू व ओलावा बाहेर काढण्याची सोय नव्हती. १९९५ च्या सुमारास सुधारित रचनेत इंजिनातील निर्वाताच्या साहाय्याने पेटीतून गाळलेली हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था करण्यात आली.

(इ) उष्णता. इंजिनालगतच्या सततच्या उष्णतेने संवेदकातील इलेक्ट्रॉनिक घटक दुर्बल होतात. गाडी तापल्यावर बंद पडते व थंड झाल्यावर सुरू होते, हे त्याचे ठळक लक्षण होय.

(ई) यांत्रिक झीज. धारव्यांची म्हणजे बेअरिंगची झीज, रोटरचे सैल झालेले स्क्रू, कॅपला गेलेला तडा आणि जोडणीतील गंजलेल्या पिना यांचा समावेश या गटात होतो.

या वर्गीकरणातून एक बाब प्रकर्षाने पुढे येते. पहिल्या गटात वितरक हा दोषाचा उगम नसून दोषाचा बळी असतो. गळका पंप तसाच ठेवून नवा वितरक बसविणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी अंथरण्यासारखे आहे.

५. दोषनिदानाचा क्रम

वितरकापर्यंत पोहोचण्यासाठी बराच खोलकामाचा व्याप असतो. म्हणून काहीही न उघडता करता येणाऱ्या चाचण्या आधी उरकणे श्रेयस्कर ठरते.

पहिली पायरी : लक्षणांची नोंद. दोष थंड इंजिनात येतो की तापलेल्या, कोरड्या हवेत की पावसात, इंजिन पूर्ण बंद पडते की केवळ अडखळते, याची नोंद घ्यावी. ओल्या हवेत अडखळणे बहुधा उच्च दाबाच्या बाजूकडे, तर तापल्यावर पूर्ण बंद पडणे संवेदक किंवा प्रज्वलन मॉड्युलकडे निर्देश करते. तापल्यावर येणारा दोष इंजिन थंड झाल्यावर सापडत नाही. त्यामुळे पुढील चाचण्या गाडी बंद पडलेल्या अवस्थेतच त्वरित कराव्यात.

दुसरी पायरी : संगणकातील संकेतांक. १९९६ पूर्वीच्या एलटी-१ गाड्यांत १६ हा अंक स्थूल संकेताच्या आणि ३६ हा अंक सूक्ष्म संकेताच्या अभावाची नोंद दर्शवितो. स्थूल संकेत नसल्यास इंजिन चालत नाही. केवळ सूक्ष्म संकेत हरपल्यास ते चालू राहू शकते, परंतु ठिणगीच्या वेळेची अचूकता घटते. संकेतांक हा निष्कर्ष नव्हे. तो केवळ कोणत्या मार्गावर शोध घ्यावा हे सांगतो. तुटलेल्या तारेमुळेही तोच अंक नोंदला जाऊ शकतो.

तिसरी पायरी : ठिणगी व इंधन यांची एकत्र तपासणी. स्टार्टरने इंजिन फिरते, पण सुरू होत नाही, अशा वेळी ही चाचणी निर्णायक ठरते. संगणक ठिणगी आणि इंधनाचे इंजेक्टर या दोहोंसाठी एकाच स्थूल संकेतावर अवलंबून असतो. इंजेक्टरच्या जोडणीत छोटा तपासणी-दिवा लावून तो लुकलुकतो का हे पाहावे आणि ठिणगी-परीक्षकाच्या साहाय्याने कॉइलच्या तारेवरील व प्लगच्या तारेवरील ठिणगी पाहावी. त्यातून पुढील अनुमाने निघतात :

– दिवा लुकलुकत नाही व ठिणगीही नाही : स्थूल संकेत, संवेदकाचा वीजपुरवठा किंवा संगणक यांकडे लक्ष द्यावे.
– दिवा लुकलुकतो, परंतु कॉइलच्या तारेवर ठिणगी नाही : संवेदक बहुधा निर्दोष असून प्रज्वलन मॉड्युल, कॉइल किंवा त्यांच्या तारा तपासाव्यात.
– कॉइलच्या तारेवर ठिणगी आहे, पण प्लगच्या तारांवर नाही : कॅप, रोटर किंवा प्लगच्या तारा सदोष आहेत.
– दोन्ही आहेत, तरी इंजिन सुरू होत नाही : इंधनाचा दाब तपासावा, वितरकाला दोष देण्यास आधार उरत नाही.

चौथी पायरी : संवेदकाची विद्युत तपासणी. वितरकाच्या जोडणीत चार तारा असतात : वीजपुरवठा, भूसंपर्क, सूक्ष्म संकेत व स्थूल संकेत. प्रज्वलन कळ चालू असताना पुरवठ्याच्या तारेवर बॅटरीइतका दाब मिळतो का आणि भूसंपर्क पक्का आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर क्रँकशाफ्ट पान्याने हळूहळू फिरवीत मल्टीमीटरवर संकेताचा दाब पाहावा. तो शून्याच्या जवळून पाच व्होल्टच्या आसपास व पुन्हा खाली असा स्पष्टपणे बदलला पाहिजे. मल्टीमीटर संथ गतीतच उपयोगी पडतो. वेगात निसटणारे स्पंद पाहण्यासाठी ऑसिलोस्कोप आवश्यक असतो. त्यावर चौकोनी स्पंदांच्या ओळीत एखादे स्पंद गळालेले असल्यास चकती मळल्याचे किंवा संवेदक क्षीण झाल्याचे अनुमान काढता येते.

पाचवी पायरी : परिसराची तपासणी. पंपाच्या पाझर-छिद्राखाली वाळलेल्या शीतक द्रवाचे डाग, टायमिंग कव्हरवरील तेल आणि हवा खेळती ठेवणाऱ्या नळ्यांना गेलेले तडे पाहावेत. शीतकरण प्रणालीत दाब देऊन गळतीची खात्री करावी. ही पायरी सर्वांत साधी आहे आणि तरीही बहुधा तीच वगळली जाते.

६. प्रतिस्थापनाची रीत

निदान निश्चित झाल्यावर काय बदलायचे हे ठरवावे. केवळ कॅप व रोटर झिजले असून संवेदक निर्दोष असेल, तर तेवढेच दोन भाग बदलता येतात व खर्च वाचतो. संपूर्ण वितरक घ्यावयाचा असल्यास तो कोणत्या रचनेचा आहे हे पाहणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या वितरकाचा शाफ्ट दातेरी असून नंतरचा वितरक कॅमशाफ्टच्या टोकावरील पिनेवर चालतो. हे दोन प्रकार परस्परांच्या जागी बसत नाहीत.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे व बॅटरीचे ऋण टोक सोडावे. शीतक द्रव भांड्यात काढून तो झाकून ठेवावा. त्यातील एथिलीन ग्लायकोल गोडसर असून माणसांना व पाळीव प्राण्यांना विषारी असते. त्यानंतर हवेची नळी, वॉटर पंप आणि क्रँकशाफ्टवरील कंपनशामक चक्र क्रमाने काढावे लागते. प्लगच्या प्रत्येक तारेवर सिलिंडरचा क्रमांक लिहिल्याखेरीज ती काढू नये. या इंजिनाचा प्रज्वलनक्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. परंतु कॅपवरील अग्रांची बाह्य मांडणी या क्रमाने दिसत नाही. म्हणून तारा अंदाजाने न जोडता कॅपवरील क्रमांकांनुसारच जोडाव्यात.

जुना वितरक निघाल्यावर टायमिंग कव्हरमधील वितरक, पंपाचा चालक शाफ्ट आणि क्रँकशाफ्ट या तिन्हींची सीले तपासावीत. इतके खोलकाम झालेले असताना ती बदलणे शहाणपणाचे ठरते. नवा वितरक हाताच्या हलक्या दाबाने पूर्ण टेकला पाहिजे. तो टेकत नसेल तर पीन किंवा दाते जुळलेले नाहीत असे समजावे. बोल्ट आवळून त्याला बळेच ओढून घेतल्यास नवा भाग पहिल्याच दिवशी मोडतो. या वितरकाचे स्थान एकच असल्याने तो फिरवून ठिणगीची वेळ जुळविण्याचा प्रश्न उद्भवत नाही. ते काम संगणकाचे असते.

निसानच्या गियरवर चालणाऱ्या प्रकाशीय वितरकांच्या बाबतीत मात्र रीत निराळी आहे. तेथे पहिला सिलिंडर संपीडनाच्या वरच्या टोकाला आणून रोटरची दिशा व वितरकाच्या बैठकीची जागा खुणेने नोंदवावी लागते. तिरप्या दातांचा गियर गुंतताना रोटर किंचित फिरतो, हे गृहीत धरून वितरक आत सोडावा लागतो आणि शेवटी टायमिंग लाइटच्या साहाय्याने मूळ वेळ जुळवावी लागते. शाफ्टच्या सीलमधून आत शिरणारे तेल हा या वितरकांतही आढळणारा दोष आहे.

सर्व भाग परत बसविल्यावर शीतक द्रव भरताना एलटी-१ इंजिनातील हवा निचरा-स्क्रूमधून काढून टाकावी; अन्यथा अडकलेल्या हवेमुळे इंजिन तापते. संगणकातील जुने संकेतांक पुसून गाडी तापेपर्यंत चालवावी आणि पंपाखाली पुन्हा ओल दिसते का, हे काही दिवस पाहत राहावे. इंजिन वाफेने किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याचे टाळावे.

७. समारोप

वितरकाचा काळ आता सरला आहे. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेल्या एलएस-१ इंजिनात प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र कॉइल देण्यात आली आणि वितरक वगळण्यात आला. कॅमेरो व फायरबर्ड यांनीही १९९८ मध्ये तोच मार्ग स्वीकारला. मात्र म्हणून प्रकाशीय वितरकाला फसलेला प्रयोग ठरविणे योग्य होणार नाही. त्याचे मापनतत्त्व निर्दोष होते. खाचा असलेली चकती आणि प्रकाश यांची तीच जोडी आजही अनेक यंत्रांतील कोनमापनासाठी वापरली जाते. चूक झाली ती स्थाननिश्चितीत : प्रकाशाला स्वच्छता हवी असते आणि त्याला पाणी, तेल व ठिणगी यांच्या मध्ये जागा मिळाली.

दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती रचना बदलणे नसते. परंतु कारणाचा शोध घेणे निश्चितच असते. ठिणगी नाही, हे निरीक्षण आहे. संवेदक बिघडला आहे, हा निष्कर्ष आहे. तो कशाने बिघडला, हा खरा प्रश्न आहे. या तीन पायऱ्यांतील भेद न पाळल्यास नवा भागही जुन्याच कारणाला बळी पडतो. कार्यशाळेत विद्यार्थ्यांना प्रत्येक सुट्या भागाचे नाव व त्याची जोडणी शिकविली जाते. त्याबरोबर काढलेला प्रत्येक भाग टाकून देण्यापूर्वी त्याच्यावरील डाग कुठून आला हे पाहण्याची सवय लावली, तर त्या शिक्षणाचा उपयोग एका जुन्या गाडीपुरता मर्यादित राहणार नाही.